शेवटची दोन मिनिटं

“पहिल्या वर्षाचं सांगितलंत. दुसऱ्याचंही सांगितलंत. तिसऱ्या वर्षाचं काय?” व्हर्ना कुझमार्स्कीने विचारलं आणि कॉफीची किटली टेबलावर ठेवली.

कर्ट हॅलिडने घसा साफ केला. शहराच्या अमेरिकन फुटबॉल संघाने त्याला दोन आठवड्यांपूर्वीच बचावाचा प्रशिक्षक म्हणून आणलं होतं. पत्रकारांसमोर तो छाती काढून बोलला होता. इथे समोर एकोणऐंशी वर्षांची विधवा होती. त्याला तिचं घर विकत हवं होतं, आणि मैदान तिथून चार गल्ल्यांवर होतं.

“तिसऱ्या वर्षी दुखापती फार झाल्या,” तो म्हणाला.

“आधीच्या तिन्ही संघांत? दर वेळी बरोबर तिसऱ्याच वर्षी?”

जोलीनने, कर्टच्या बायकोने, मान खाली घालून पिरोगी, बटाटा भरलेली उकडलेली करंजी, खायला घेतली. तिला हे घर फार हवं होतं. अकरा वर्षांत चार शहरं झाली होती, नुसतं विंचवाचं बिऱ्हाड. मुलगी आठवीत होती आणि परवाच तिने विचारलं होतं, “आई, इथे मैत्रिणी करू, की नको?”

एजंटने कागद भरून दिला होता. किंमत ठरली होती, घेणाऱ्याच्या नावाची जागा तेवढी कोरी होती. पण व्हर्ना काही पेन पुढे करत नव्हती.

“पंचावन्न वर्षं नांदले मी इथे,” ती म्हणाली. “आता समोर लेकीकडे राहणार. खिडकीतून हे घर रोज दिसणार मला. दर तीन वर्षांनी दारात ‘विकणे आहे’ची पाटी मला बघवायची नाही. आणि एक अट. सामन्याच्या रविवारी माझ्या भाचेमंडळींच्या गाड्या या अंगणात लागतील. अकरा गाड्या. आठ रविवार.”

हे त्या वस्तीत सगळेच करत. सामना असला की अंगणाअंगणात गाड्या, शेगड्या, सॉसेज आणि बिअर.

कर्ट सरसावून बसला. हरलो तर मला शिव्या घालणार ती माणसं, आणि सॉसेज भाजणार माझ्याच अंगणात? त्याने आठाचे पाच केले. मग गवताचा मुद्दा काढून दोन केले. मग विम्याचा मुद्दा काढला. व्हर्नाने तोंड उघडायचा अवकाश, तो वाट अडवून उभाच. जोलीनला नवऱ्याचा अभिमान वाटला. याच माणसाशी तिने लग्न केलं होतं.

“बरं बाबा,” व्हर्ना म्हणाली. “एकही रविवार नको.”

जिंकला होता कर्ट. सही तेवढी उरली होती. व्हर्ना कॉफीत साखर ढवळू लागली आणि खिडकीबाहेर अंगणातल्या बर्फाकडे बघत बसली.

अर्धं मिनिट गेलं. कर्ट खुर्चीत चुळबुळला.

“तसा एखादा रविवार चालेल म्हणा,” तो म्हणाला.

व्हर्ना साखर ढवळत राहिली.

“ऑक्टोबरातले दोन घ्या. तेव्हा थंडी नसते.”

जोलीनने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. त्याने आपला पाय मागे घेतला.

“डिसेंबरातलेही दोन घ्या. आणि पोराबाळांना बाथरूम लागलंच तर घरातलं आहे. बर्फ असेल तर शेगड्या गॅरेजमध्ये...”

व्हर्नाने चमचा बशीत ठेवला. “चार रविवार, बाथरूम आणि गॅरेज. कर्ट, मी तोंड उघडलं होतं का?”

“नाही.”

“गेल्या डिसेंबरातही हेच केलंत. जुन्या संघाला सतरा गुणांची आघाडी होती. कुणी तुम्हाला ढकललं नव्हतं. तुम्हीच आपली माणसं मागे मागे नेऊन उभी केलीत. समोरचे जेवणानंतर शतपावलीला निघाल्यासारखे चालत आले.”

“ती एक पद्धत असते,” कर्ट म्हणाला. “मोठी मजल मारू द्यायची नाही. छोट्या छोट्या द्यायच्या.”

“दिल्यात की.”

जोलीनला हसू फुटलं, ते तिने लगेच आवरलं. घर हातचं चाललं होतं. नवरा बशीतले कण गोळा करत होता.

“आजी,” ती म्हणाली, “एक रविवार. नोव्हेंबरातला शेवटचा. सहा गाड्या.”

“अकरा.”

“सहा. त्यातली एकही माझ्या दारासमोर नको.”

“म्हाताऱ्या माणसांना बाथरूम लागतं गं थंडीत.”

“तुमच्या लेकीचं घर समोरच आहे.”

व्हर्ना पुन्हा खिडकीबाहेर बघू लागली. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट गेलं, मग दुसरं. कर्ट काहीतरी बोलायला पुढे वाकला. जोलीनने पिरोगीची बशी त्याच्यापुढे सरकवली आणि ती व्हर्नाकडे बघत राहिली.

“आणखी काही देणार नाहीस?” शेवटी व्हर्नाने विचारलं.

“एक रविवार दिला तोच जास्त झाला.”

व्हर्नाने कागद उचलला आणि जोलीनपुढे ठेवला. “घर देते. पण नाव तुझं एकटीचं. यांचं तिसऱ्या वर्षी काय होईल, ते देवालाच ठाऊक. तू इथून हलायची नाहीस.”

कर्टने बायकोकडे पाहिलं. “अगं, बोल ना काहीतरी.”

जोलीनने पेनाचं टोपण काढलं.

“पूर्ण नाव लिहायचं ना, आजी?”