दारातली तुळस

सोलापूरच्या राखीव पोलीस दलाच्या कॅम्पात कुणाचीच क्वार्टर कायमची नसते, तुळशी मात्र दारातच राहतात. निघणारी बाई नव्या बाईला कुंकू लावते आणि तुळस सोपवते, अशी इथली जुनी रीत.

आज मायाक्का निघाली होती. नव्यानं राहायला आलेल्या ऋतुजाच्या हाती तिनं तुळशीला घालायला पाण्याचा तांब्या दिला.

"दुधनीची ना तू? मग हिच्याशी कन्नड बोललीस तरी चालंल. लई बायकांची गाऱ्हाणी ऐकलीत हिनं."

ऋतुजा हसली. तिनं कपाळ पुढं केलं. "ताई, कुंकू राह्यलं की! आन् मालकांची बदली कुटं झाली?"

मायाक्का पदर कपाळावर ओढून मागं सरली.

"तुळशीचं कुंकू तुज्या हातानं लावून घे, बाई. ह्या दारातली सवाशीण आता तीच."