गोगलगायीची लेक

विमानतळावर सगळे त्याला गोगलगाय म्हणायचे. एकदा वर पोचला की तो इंजिन मंद करायचा आणि इंधन वाचवत इतका सावकाश जायचा की खालच्या होड्याही पुढे निघून जातील, अशी त्याची थट्टा व्हायची. त्याच्याच हाताखाली शिकलेली लेकही अगदी तशीच विमान चालवायची.

आज बेटावर डाक टाकून परतताना ती धुक्यात हरवली. तिचा रेडिओही बंद पडला होता. तो दुसरं विमान घेऊन समुद्रावर गेला आणि इंजिन मंद ठेवून तिला शोधत घिरट्या घालत राहिला.

"काका, परत या हो," टॉवरवरची मुलगी रेडिओवर विनवत होती. "तिचं इंधन एव्हाना संपलं असणार."

"तुमच्या हिशेबाने संपलं असेल. मी शिकवलंय तिला, थेंब थेंब पुरवून वापरते ती!" तो खेकसला आणि ही कटकटच नको म्हणून त्याने रेडिओ बंद करून टाकला.

टाकी तळाला टेकत आली, तेव्हा कुठे तो जड मनाने विमानतळावर परतला. बायको धावत आली, पण तिची नजर त्याच्या मागे आभाळातच होती.

"एकटेच आलात? अहो, ती केव्हाच सुखरूप उतरली होती! तुम्ही रेडिओवर उत्तर देईनात, म्हणून तुम्हाला शोधायला तशीच पुन्हा वर गेली.

"टाकी भरायलाही थांबली नाही. म्हणाली, 'बाबांनी शिकवलंय, पुरवून वापरीन.'"