काकूंच्या वतीनं

“दुखण्याचा त्रास?” प्रूफकाकांनी फोनवरचा प्रश्न मोठ्यानं वाचला.

“नाही म्हणा,” काकू पडल्या पडल्या म्हणाल्या.

“मळमळ?”

“मुळीच नाही.”

“हातापायांना मुंग्या?”

“कसल्या मुंग्या! किती ते प्रश्न! सोयरीक जुळवायचीय का माझी?”

काका हसले आणि त्यांनी तिन्ही प्रश्नांपुढच्या ‘खूप’ या शब्दावर बोट टेकवलं.

काकूंच्या कर्करोगावर उपचार सुरू झाल्यापासून दवाखान्याची ही प्रश्नावली दर रविवारी फोनवर येई. औषधानं काकूंची बोटं बधिर झालेली, म्हणून त्या सांगायच्या आणि काका भरायचे. पहिल्याच दिवशी काकूंनी बजावलं होतं, “रडगाणं लिहाल तर ते इंजेक्शन कमी करतील. मला उपचार पुरे हवेत. माझी शपथ आहे तुम्हाला.”

काकांनी मान डोलावली होती. पण काकू न्हाणीघरात नळ सोडून ओकत, आणि नळाच्या आवाजाआडून ते काकांना स्पष्ट ऐकू येई. मग ‘नाही’ लिहायला बोट धजत नसे.

काकांचा जन्म छापखान्यात प्रुफं तपासण्यात गेला होता. लेखकानं लिहिलं तेच छापायचं, आपलं शहाणपण मध्ये घुसडायचं नाही, हा त्यांचा बाणा. मालक ओरडला तरी त्यांनी कुणाचा शब्द बदलला नाही. आणि आता सख्ख्या बायकोचा बदलत होते, तोही तिच्या तोंडावर हसून. त्यांना स्वतःची लाज वाटे.

घरी काळजी घेणाऱ्या माणसासाठीही एक वेगळी प्रश्नावली होती. ती काकांनी उडवून लावली होती. “मला काय धाड भरलीय?” दवाखान्यातल्या सिस्टरनं मग ती भरायला घरातल्या दुसऱ्या कुणाचा तरी नंबर मागितला. काकूंनी लेकीचा दिला आणि विषय मिटला.

लेक परगावी असे. रविवारी प्रश्नावली संपली की काकू दार लोटून तिच्याशी फोनवर बोलत. आतून दबका आवाज येई, मधेच हुंदका. माझ्यापासून लपवते ते लेकीजवळ ओकते बिचारी, असं काकांना वाटे, आणि आपण केलेली चहाडी त्यांना आणखीच टोचे.

त्या दिवशीही दार लोटलेलं बघून ते भाजी आणायला बाहेर पडले. परतताना पिशवीनं डावा हात भरून आला. दुसऱ्या मजल्यावर थांबून त्यांनी किल्ल्या शोधल्यासारखं केलं. छातीत जळजळलं. पित्त मेलं! त्यांनी खिशातली गोळी चघळली, घाम पुसला आणि वर जाऊन बेल वाजवली.

“आज वर यायला फार वेळ लागला,” दार उघडत काकू म्हणाल्या.

“भाजीवाला गप्पिष्ट आहे.”

तेवढ्यात फोन वाजला. दवाखान्यातली सिस्टर होती. “काका, उद्या काकूंना घेऊन या. डॉक्टरांना बोलायचंय. आणि तुम्हीही आत या, बाहेर थांबू नका.”

काकांनी फोन ठेवला. झालं! इंजेक्शन बंद करणार. हिनं जिवाच्या आकांतानं धरून ठेवलेला दोर आपणच कापला. रात्री त्यांनी ताट तसंच बाजूला सारलं. काकूही ताटात नुसती बोटं फिरवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर बसल्या बसल्या काका बोलून गेले. “डॉक्टर, गुन्हेगार मी आहे. ही सगळ्याला नाही म्हणत होती. ‘खूप’ मी लिहिलं. शिक्षा तिला देऊ नका. इंजेक्शन थांबवू नका.”

“थांबवतंय कोण?” डॉक्टर म्हणाले. “उपचार चालूच राहतील. मुंग्यांवर आणि मळमळीवर औषध देतो. लिहिलंत ते बरं केलंत, नाहीतर आम्हाला कळलंच नसतं.”

काकांचा जीव भांड्यात पडला. आता बायकोची बोलणी खायची तयारी ठेवून ते तिच्याकडे वळले. पण काकू रागावल्या नव्हत्या. मान खाली घालून त्या पिशवीचा बंद पिळत होत्या.

“चुकले हो मी,” त्या पुटपुटल्या. “तुम्हाला चोरून लेकीला तुमचं सगळं सांगत होते. तुम्ही उडवून लावलेली ती तुमची प्रश्नावली तीच भरते.”

डॉक्टरांनी खुर्ची काकांकडे सरकवली आणि स्टेथोस्कोप कानाला लावला.

“काकूंचं काम फोनवरही झालं असतं, काका. शर्टाची बटणं काढा. जिन्यात थांबावं लागतंय, ते कधीपासून?”