तिसरा आर्किटेक्ट

“हा नको,” आर्किटेक्टची गाडी वळणाआड जाते न जाते तोच सासूबाईंनी निकाल दिला.

सुनेने हातातला ट्रे टेबलावर ठेवला. “अहो आई, एवढं नाव आहे त्यांचं! काय खटकलं?”

“असेल नाव. पण आल्यापासून एकदा तरी मान वर केली का त्याने? ओल कुठे आहे, छत कसं आहे, काही बघितलं? बिस्किटालासुद्धा हात लावला नाही.”

“बायकोने गोड बंद केलंय म्हणाले ना.”

“तेच ते,” सासूबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

घरात दोघीच. सुनेचा नवरा अकाली गेला, तेव्हा नातेवाइकांनी दोघींना नाना सल्ले दिले. दोघींनी ते एका कानाने ऐकून दुसऱ्या कानाने सोडून दिले आणि एकमेकींना धरून राहिल्या. बोलताना अडखळणाऱ्या मुलांना सून घरीच शिकवायची. पुढच्या खोलीत वर्ग चालू असला की सासूबाई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर अवघडून बसायच्या. शिंक आली तरी रुमालात दाबायच्या. ते सुनेला बघवायचं नाही. म्हणून मागच्या मोकळ्या जागेत आईंसाठी ऐसपैस खोली काढायचं तिने मनावर घेतलं होतं.

दुसरा आर्किटेक्ट नम्र होता. त्याने ओल पाहिली, छत पाहिलं, बिस्किटांचाही फडशा पाडला. सासूबाई खुलल्या होत्या. तेवढ्यात त्याचा फोन वाजला.

“हो गं, येताना आणतो,” तो हळूच म्हणाला.

तो गेल्यावर सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. “फार गोड बोलतो. अशाने बांधलेल्या भिंतीला मी पाठ टेकणार नाही.”

सून कप विसळता विसळता विचार करू लागली. आईंना खोलीच नको असावी. आपल्याला मागे ढकलतायत, असं तर त्यांच्या मनात आलं नसेल? विचारायला तिची जीभ रेटेना.

तिसरा आला तो टेप विसरून. सदऱ्याचं एक बटण गायब. वर्ग लांबला होता, म्हणून तो मुलांमध्येच जमिनीवर बसला आणि शेजारच्या चिमुरडीला विचारू लागला, “नव्या खोलीला काय काय हवं?”

“ख... ख... ख...”

सगळे तिच्याकडे बघू लागले. तो मात्र जगातला सगळा वेळ आपलाच असल्यासारखा थांबला.

“...खिडकी!”

“बरं झालं सांगितलंस. मी विसरलोच असतो,” तो म्हणाला. चिमुरडी खुदकन हसली. सूनही हसली. बऱ्याच दिवसांनी, अगदी मोकळं.

“हाच,” सासूबाईंनी संध्याकाळी जाहीर केलं.

“आई, टेप विसरून आला होता तो!”

“मग? माझी शिवणाची दिली ना मी.”

त्यानंतर आराखडा काही पुरा होईना. सासूबाई कधी दार डावीकडे मागायच्या, कधी उजवीकडे. तो तक्रार न करता खोडायचा, पुन्हा काढायचा, दर वेळी चहाला थांबायचा. सासूबाईंना नेमकं तेव्हाच शेजारी काम निघायचं. मग आल्या पाहुण्याशी बोलत बसणं सुनेच्याच वाट्याला. गप्पा भिंतींवरून सुरू व्हायच्या आणि कुठच्या कुठे जायच्या.

दार चौथ्यांदा हललं तेव्हा मात्र सुनेचा धीर सुटला. तो जाताच ती सासूबाईंच्या पायाशी येऊन बसली. तिचे डोळे भरून आले होते.

“आई, खरं सांगा. तुम्हाला ही खोली नकोच आहे ना? तुम्हाला बाजूला काढावं म्हणून नाही हो मी हे करत. नको असेल तर आत्ता थांबवते सगळं.”

“वेडे, खोली हवीच आहे मला. लवकर हवी आहे. पुढची बाजू मोकळी करून द्यायला नको का?”

“मग त्या दोन चांगल्या आर्किटेक्टना का परत पाठवलंत?”

सासूबाईंनी तिचे डोळे आपल्या रुमालाने पुसले.

“त्यांच्या कामात काहीच खोट नव्हती गं,” त्या म्हणाल्या. “पण दोघांनाही बायका होत्या.”