आखूड खांब

खांब चार बोटं आखूड भरला. मुलीने तीनदा टेप लावून पाहिली, तिन्ही वेळा तेवढाच. मग तिने टेप गुंडाळून खांबावर ठेवली आणि दगडांच्या ढिगामागे जाऊन बसली.

बापाने हे लांबून पाहिलं. चाळीस वर्षं पाथरवटाचं काम केलेल्या माणसाला टेप हातात न घेताही कळतं.

देवळाच्या छत उतरवून ठेवलेल्या दर्शनी भागातला एक जुना खांब झाडाच्या मुळांनी उभा चिरला होता. त्याच्या जागी बसवायचा हा नवा. सहा आठवडे मुलगी त्यावर खपत होती. तिचा पहिलाच अख्खा खांब. मध्यंतरी तळाशी उकरलं तेव्हा पायाचा दगड चार बोटं खोल लागला, म्हणून खांबावर आणखी खाली दुसरी रेघ मारली होती. कापताना तिने पहिली रेघ धरली. एवढंच झालं होतं.

कामावरची माणसं जेवायला गेली होती. बाप तिच्याजवळ आला. तिचा डबा तसाच बंद होता.

"मी उद्यापासून येत नाही," ती म्हणाली. "तुमचं नाव घालवलं मी."

"माझं नाव इथे माहीत कुणाला आहे? सगळे मिस्त्री म्हणतात." त्याने हात पुढे केला. "ऊठ, मुंगी." लहानपणी ती खडीचे दाणे एकेक करून घरात आणून टाकायची, तेव्हापासूनचं हे नाव.

"कुठे?"

"आत. गार आहे तिथे."

उन्हातून सभामंडपात आल्यावर दोघांनाही क्षणभर काही दिसेना. मग एकेक खांब अंधारातून पुढे आला. बारा खांब. नऊशे वर्षांपूर्वी चुन्याचा एक थेंबही न वापरता, नुसता दगडावर दगड बसवून उभे केलेले. कोणत्या राजाने बांधलं, किती हत्तींनी दगड ओढले, छतातलं कमळ एकाच शिळेत कसं कोरलं, हे गाईड रोज घसा ताणून सांगायचा. मुलीला ते तोंडपाठ होतं. पण बाप कमळाखाली थांबलाच नाही. लोक फिरकत नाहीत अशा मागच्या कोपऱ्यातल्या खांबाशी गेला आणि गुडघे धरत खाली बसला.

"हात लाव. अगदी तळाशी."

तिने लावला. खांबाभोवती पाकळ्यांची पट्टी होती, तशी ती सगळ्याच खांबांना होती. तिची बोटं पाकळ्यांवरून सरकत गेली आणि थांबली. केसाएवढी आडवी फट.

"जोड आहे," ती म्हणाली.

"बाकीचे अकरा अखंड आहेत. हा एकटा आखूड पडला. खाली वेगळा तुकडा घातलाय. सहा बोटांचा. तुझ्यापेक्षा दोन बोटं जास्तच."

"नंतर कुणीतरी दुरुस्त केला असेल."

"डोक्यावर एवढं छत असताना? नाही. बसवायच्या आधीच घातलाय. पाकळ्या बघ, जोडावरून सरळ खाली गेल्यात. दोन्ही दगड जुळवून मग कोरल्यात." त्याने मोबाईलची बॅटरी लावली. "आता वरची नक्षी बघ. याचा हात जड आहे, टाकी खोल जाते. पाकळ्या मात्र हलक्या हाताच्या. माणूस दुसरा आहे."

"कोण?"

"बाप असेल त्याचा. भाऊ असेल. मी थोडाच होतो तिथे."

ती हसली नाही, पण तिने नाक पुसलं. "गाईड हे सांगत नाही कधी."

"गाईडने कधी दगड आखूड कापलाय?"

तिने वर पाहिलं. या खांबावरची तुळई इतर तुळयांच्या ओळीतच होती. कुठे खचलेली नाही, कुठे तडा नाही.

"तुम्हाला कसं सापडलं हे?"

बापाने बॅटरी बंद केली. "कामाला लागलो त्या वर्षी. रडायला आडोसा शोधत इथे आलो होतो. टेकायला हात लावला, तर बोटांना फट लागली."

तिने पुन्हा एकदा फटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "इंजिनीयर बाईंना कोण सांगणार?"

"तू. मी शेजारी उभा राहतो."

दुरुस्तीच्या कामावरच्या इंजिनीयर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. खांब स्वतः मोजला.

"तुकडा घाला," शेवटी बाई म्हणाल्या. "असा दगड पुन्हा मिळायला वर्ष जाईल. पण जोड लपवायचा नाही. आपण काय केलं ते पुढच्यांना दिसलं पाहिजे." जाता जाता त्या वळल्या. "आणि नवी रेघ मारली की जुनी पुसत जा गं."

चौथ्या दिवशी तुकडा तयार झाला. खांब आडवाच ठेवला आणि तुकडा त्याच्या टोकाशी आवळून बांधला, जोडाची रेघ दिसेल अशी उघडी ठेवून. पाकळ्या तेवढ्या कोरायच्या राहिल्या होत्या.

"पाकळ्या तुम्ही करा," मुलगी म्हणाली. "माझा हात जड आहे."

"आणि मला दिसत नाही धड."

"मग अर्ध्या अर्ध्या करू. हळू करू."

ती खांबाकडच्या बाजूला बसली, तो तुकड्याकडच्या. एकच पाकळी, दोन्ही टोकांकडून. दोन टाक्या वाजायला लागल्या, एक भराभर, एक थांबत थांबत. मुलगी जोडापाशी पोचली तेव्हा बाप अजून निम्म्यावरही आला नव्हता. तिने टाकी उचलली, दगडावरची भुकटी फुंकली, आणि तो येईपर्यंत थांबली.