वरच्या ओळीतले शंभर

“ब्रेकची चाचणी कोणी घेतली?” तिने दबक्या आवाजात विचारलं.

लिफ्टचा मिस्त्री उद्घाटनाला जमलेल्या पाहुण्यांच्या मागे उभा राहून सरबत पीत होता. “मी नाही. तुमच्या वेळापत्रकात ते काम पूर्ण दिसत होतं. म्हटलं, दुसरा कोणी येऊन गेला असेल.”

दवाखान्याच्या या नव्या इमारतीचं वेळापत्रक संगणकावर तीच सांभाळायची. परवा भागीदार पाहणीला आले, तेव्हा मालकांनी तिच्या हातातून माउस घेतला आणि ‘लिफ्ट’ या वरच्या ओळीत शंभर टक्के भरले. भागीदारांना तेवढी एक ओळ दाखवली की झालं! पण वरच्या ओळीत शंभर भरले की ते सॉफ्टवेअर तिच्याखालची सगळी कामं आपणहून उरकून टाकतं. थोरल्याने मान डोलावली की घर डोलावतं, तसं. दोर, दरवाजे, ब्रेक, सगळ्या पट्ट्या एका दमात हिरव्या झाल्या. तिने ते पाहिलं होतं. पण याच महिन्यात तिची नोकरी कायम व्हायची होती. उद्या गुपचूप दुरुस्त करू, असं तिने ठरवलं, आणि तो उद्या समारंभाच्या खुर्च्या मांडण्यात गेला.

आता मालक आईची चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये घेऊन गेले होते. पहिल्या फेरीचा मान आईचा. मालकांच्या एका हातात माईक, दुसऱ्या हाताचं बोट बटणाजवळ.

ती दारात आडवी उभी राहिली. “साहेब, थांबा. ब्रेक तपासलेले नाहीत.”

मालकांनी माईकवर तळवा ठेवला. चेहऱ्यावरचं हसू पाहुण्यांसाठी तसंच राहू दिलं. “काहीतरीच काय! सकाळी मी स्वतः पडद्यावर पाहिलंय. शंभर टक्के!”

“ते शंभर तुम्हीच भरलेत, साहेब. परवा. आणि मी गप्प बसले.”

माणूस लोकांना थाप मारतो, विसरतो, आणि तीच दुसरीकडून ऐकू आली की खुशाल खरी धरतो. मालकांनी बटणाकडे पाहिलं. हसू ओसरलं.

“बाहेर चल, आई.”

“अगंबाई, का रे? आत्ताच तर सगळ्यांना सांगितलंस, काम पूर्ण झालं म्हणून!”

पाहुणे माना उंचावून बघत होते. पहिल्या रांगेत भागीदार.

मालकांनी माईकवरचा तळवा काढला.

“पूर्ण दिसत होतं, आई. झालेलं नाही.”