फक्कीच्या रेघा

"या साहेब, घर तयार आहे," मिस्त्री म्हणाला आणि त्याने रिकाम्या प्लॉटकडे हात केला.

नवऱ्याने पाहिलं. तांबूस, कोरड्या मातीवर चुन्याच्या फक्कीने घर आखलेलं होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, कोपऱ्यात न्हाणीघर. रेघा ताज्या, पांढऱ्याशुभ्र. दार जिथे यायचं तिथे रेघ तेवढी तोडलेली. बायको मागे रस्त्यावरच्या नळावर पाण्याची बाटली भरायला थांबली होती.

"आज हो म्हणून टाका, म्हणजे उद्या पाया खणायला घेतो. किती वेळा आलात, उभे राहिलात, गेलात. घर पाहावं बांधून म्हणतात. तुम्ही नुसतंच पाहताय."

नवरा अवघडला. तो वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याचं काम करायचा. त्याला साहेब म्हणणारा हा एकटा मिस्त्रीच.

"विचार चाललाय," तो म्हणाला.

विचार एकच होता आणि तो संपत नव्हता. बायकोची नजर कडांकडून मिटत मिटत शेवटी पूर्ण जाईल असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. किती दिवसांत, ते सांगता येणार नाही. मोठ्या इस्पितळात एका उपचाराचे प्रयोग चालले आहेत. तो कधी हाती येईल आणि हिला लागू पडेल का, तेही सांगता येणार नाही. आला तर मात्र पैसा तयार हवा. पैसा एकाच गोष्टीपुरता साठला होता.

"घरच," बायको पहिल्या दिवसापासून म्हणत होती. "आत्ता बांधलंत तर बघून बघून पाठ करीन. मग मिटू देत खुशाल. नंतर बांधलंत तर माझ्याच घरात पाहुण्यासारखी चाचपडत फिरेन."

"आणि उपचार आला तर?"

"आला तर! पुस्तक परत आलं तर देतो, असं वाचनालयात सांगता ना लोकांना, तसंच घरी सांगा."

भाड्याच्या खोलीत ती अजून बिनचूक वावरायची. चहा गाळताना थेंब सांडत नसे. ते पाहून तो मनाशी म्हणायचा, अजून वेळ आहे. आणखी थोडं थांबू.

"अहो, ऊन काय हे!" बाटली घेऊन ती आली. बाटली त्याच्या हातात दिली आणि कपाळावर आडवा हात धरून सरळ प्लॉटमध्ये शिरली. दार राहिलं डावीकडे. ती पुढच्या खोलीच्या भिंतीवरून गेली, मधल्या भिंतीवरून गेली. तिच्या चपलांनी चुना पुसत, ओढत नेला.

मिस्त्री हसला. "वहिनी, भिंतीतून निघालात की!"

"भिंत आहे कुठे अजून?" तीही हसली. "तुमचे साहेब हो म्हणतील तेव्हा ना."

नवराही हसला. तिचं बोलणं असंच असे.

एका जागी थांबून तिने पायाने माती चाचपली. "स्वयंपाकघर इथे घ्या. खिडकी या अंगाला. आणि उंबरा कुठेच नको, सांगून ठेवते."

ती उभी होती ती न्हाणीघराची जागा. मिस्त्री आता हसला नाही.

"आणि मिस्त्री, हात चालवा जरा," ती म्हणाली. "फक्की आणलीय ना? मग मारा की रेघा. आम्ही आलोच आहोत तर आखून दाखवा. घर केवढं होतंय ते मला एकदा बघू दे."

मिस्त्रीने तोंड उघडलं. नवऱ्याने त्याचं मनगट धरलं.

ऊन फार आहे, त्याला वाटलं. एवढ्या उन्हात कोणालाही दिसणार नाही. त्याने डोळे बारीक करून पाहिलं. मग आणखी बारीक केले, जवळजवळ मिटलेच. पापण्यांच्या फटीतूनही रेघा स्वच्छ दिसत होत्या. आणि तिच्या मागे तिनेच पुसलेल्या जागा.

"गप्प का झालात? परत विचार चाललाय वाटतं?"

"नाही, नाही," तो म्हणाला. "मारतोय तो. घमेलं घेतोय."

मिस्त्रीने घमेलं उचललं. खाली वाकला, पण चुना टाकायच्या आधी हळूच म्हणाला, "साहेब, मग मी काय समजू? उद्या खणायला घेऊ?"

नवऱ्याला ते ऐकू आलं होतं. "रेघ जाड मारा," तो म्हणाला.

"किती जाड?"

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. ती जमिनीकडे डोळे लावून उभी होती. चेहरा इतका उत्सुक की त्याने मान फिरवली.

मिस्त्रीने आधीच्या रेघेवरच मुठीने चुना सोडला आणि वर पाहिलं. नवऱ्याने नाही म्हणून मान हलवली. मिस्त्रीने विटेएवढा रुंद पट्टा ओढला. नवऱ्याने पुन्हा मान हलवली. मग मिस्त्री घमेलं घेऊन तिच्यापाशीच गेला, उकिडवा बसला आणि तिच्या पुढ्यात ओंजळीओंजळीने चुना ओतू लागला. तिच्या चपलांची टोकं पांढरी झाली.

"झाली का सुरुवात?" तिने विचारलं.